कुंभारणीचं घर

बुधवारी दवाखान्यात काकूंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला, निकाल सोमवारी मिळेल असं सांगितलं, आणि तेव्हापासून फवारेकाकांच्या पायाला जी भिंगरी लागली ती काही थांबेना. बसले की उठत, उठले की खिडकीशी जात, आणि खिडकीशी गेले की आपण इथे कशाला आलो हेच विसरत. पाणी प्यायला म्हणून पेला घ्यायचे आणि न पिताच विसळून ठेवायचे. काकू मात्र आपल्या शिवणयंत्रापुढे बसून होत्या. गाठ एकीला आणि कासाविशी दुसऱ्यालाच, असा सगळा उलटा कारभार.

काका पेस्ट कंट्रोलचं काम करत. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, हातात नळी. वाळवी म्हणू नका, झुरळं म्हणू नका, ढेकूण म्हणू नका. आणि हेच काका रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना ‘देवाची कारागिरी’ शिकवत. शनिवारी ज्या मुंग्यांवर फवारा मारला, त्यांचेच रविवारी गोडवे. ‘फवारेकाका’ हे नाव मुलांनीच ठेवलेलं, पुढे ते सगळ्या मंडळीनं उचललं. पाळकसाहेब तर भर उपासनेनंतर चिडवायचे, “काका, देवाची निम्मी कारागिरी तुम्हीच साफ केलीत!” काका म्हणायचे, “साहेब, जवळून बघतो म्हणून तर कौतुक आहे.” यात खोटं काही नव्हतं. वाळवीच्या घरातल्या हवा खेळवायच्या वाटा बघून ते पंप खाली ठेवत, मनातल्या मनात देवाची स्तुती करत आणि मगच नळी आत सारत. बिचाऱ्या वाळवीला त्या स्तुतीचा उपयोग शून्य, पण काकांचं समाधान व्हायचं.

त्यांचा सगळ्यात लाडका धडा कुंभारीण माशीचा. त्यांच्याच झोपायच्या खोलीच्या खिडकीला, चौकटीच्या कोपऱ्यात तिनं घर बांधलं होतं, त्यामुळे पुरावाही घरचाच. ही माशी चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि इवलीशी मडक्यासारखी खोली करते. छताला बारीक धाग्यानं एक अंडं टांगते. मग हिरव्या अळ्या पकडून आणते. “मारत नाही हं,” काका इथे बोट वर करायचे, “नुसती लुळी करते. मेलेली सडेल, आणि बाळाला जेवण ताजं हवं ना!” खोली भरली की तोंड लिंपून टाकते आणि शेजारी दुसरी बांधायला घेते. “आणि पोरांनो, बाळ बाहेर येतं तेव्हा आई तिथे नसतेच. तिनं बाळाला बघितलेलं नाही, बाळानं तिला बघितलेलं नाही. मग तिला हे सगळं शिकवलं कुणी?”

“देवानं!” अख्खी खोली ओरडायची, आणि काका असे फुलायचे की जणू ते घर त्यांनीच लिंपलंय.

एकदाच एक अडचण आली होती, आणि तीही घरातूनच. त्यांची मुलगी दुसरीत होती. प्रश्नांची भुणभुण सतत चालू म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. तिनं हात वर करून विचारलं होतं, “पण मग बाळाला जवळ कोण घेतं?” काका म्हणाले, “देव घेतो,” आणि पुढच्या चित्राकडे वळले होते.

उद्या रविवार. पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की नवीन मुलं येणार आहेत, तर तुमची कुंभारीणच होऊन जाऊ द्या. शनिवारी दुपारी काका धड्याची तयारी करायला म्हणून खोलीत पलंगावर बसले आणि नजर खिडकीच्या चौकटीवर गेली. तपकिरी, टणक, एका बाजूला जरासा फुगलेला तो चिखल. इतके दिवस त्यांना तिथे घर दिसत होतं. आज घर दिसेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेनानं गाठ काढून दाखवली होती, तेच दिसायला लागलं.

आयुष्यभर लोकांच्या घरातल्या नको त्या गोष्टी उपटून काढल्या, आणि आपल्या घरात शिरलेल्या गाठीला मात्र हात लावता येत नाही! हात शिवशिवायला लागले. काकांनी कामाच्या पिशवीतून खरवडायची पट्टी काढली आणि चौकटीवर घातली. एकदा, दोनदा. चिखल खाली पडला आणि फुटला.

“पप्पा! तिचं घर!” दारात भुंगी उभी होती.

“घाण आहे ती. बाजूला हो.”

“तुम्हीच म्हणाला होता ना, देवानं शिकवलंय तिला?”

“म्हणालो होतो! म्हणालो होतो, मग काय करू?” काका ओरडले. भुंगीवर ते कधी ओरडत नसत. ती बघतच राहिली, मग तिचे ओठ वाकडे झाले आणि ती अंगणात पळाली.

काका खाली वाकले. फुटलेल्या खोल्यांमधून हिरव्या अळ्या बाहेर पडल्या होत्या, दाबून दाबून भरलेल्या, जिवंत. एका खोलीत पांढरं, लठ्ठ बाळ वळवळत होतं, त्याला बिचाऱ्याला काय झालं तेच कळत नव्हतं. एकच खोली शाबूत राहिली होती. ती ओंजळीत घेतल्यावर काकांना स्वतःची लाज वाटली. निदान हिला तरी नीट ठेवावं, म्हणून ती अलगद सदऱ्याच्या खिशात ठेवून डबी आणि थोडा कापूस शोधायला त्यांनी काकूंचं शिवणाचं कपाट उघडलं.

कापूस मिळाला नाही. वरच्या कप्प्यात भुंगीच्या शाळेचे फ्रॉक होते, नवे, इस्त्री करून ठेवलेले. काकांना आधी काही वाटलं नाही, काकू शिवतात, फ्रॉक असणारच. पण खालचा वरच्यापेक्षा मोठा होता, त्याच्या खालचा आणखी मोठा. सगळ्यात तळातला त्यांनी ओढून काढला आणि उलगडला. हायस्कुलात जाणाऱ्या चांगल्या मोठ्या मुलीचा फ्रॉक होता. पुढे उसवून फ्रॉक वाढवता यावा म्हणून आत शिवणीला रुंद माया सोडलेली होती, आणि खिशात जादा बटणं दोऱ्यात ओवून ठेवली होती.

या बाईनं हे सगळं काकांच्या डोळ्यांदेखत शिवलं होतं. यंत्राची खडखड ऐकून काका मनात म्हणत होते, बरं आहे, हिचं मन तरी रमतंय.

ते तो फ्रॉक घेऊन तसेच पुढच्या खोलीत गेले. “हे काय चालवलंयस?”

काकूंनी मान वर केली. फ्रॉक बघितला आणि यंत्राचं चाक हातानं थांबवलं. “शिवतेय.”

“एवढ्या मापाचं?”

“ती मोठी होणार नाही का, अहो?”

“आणि तू नसणार? ठरवूनच टाकलंस?”

“मी कुठे ठरवते! ठरवणारा ठरवील. माझ्या हातात कात्री आहे, मी शिवते.”

“निकाल सोमवारी आहे. काही नसेलही.”

“नसलं तर फ्रॉक वाया जात नाहीत.” काकू एवढं बोलल्या आणि त्यांचा आवाज फाटला. “तुमच्या त्या कुंभारणीचं बरं असतं हो. ती भरते, लिंपते, जाते. पुढचं तिला माहीत नसतं. मला माहीत आहे. मला बघायचंय तिला या फ्रॉकात. एवढंच. मला बघायचंय.”

काका उभेच होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक करून मुलांकडून देवाचं नाव वदवून घेतलं, ती कुणी स्वतः सोसत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. देवा, त्यांनी मनात म्हटलं, त्या माशीला बाळ बघायची ओढ दिली नाहीस ती तुझी दया. हिला दिलीस. मग ही कसली कारागिरी? देवावर असं रागावून ते कधी बोलले नव्हते, आणि रागावूनसुद्धा तो कुठे गेलेला वाटत नव्हता, हे त्यातल्या त्यात नवल.

“उद्या काय सांगू मुलांना?” त्यांनी विचारलं.

काकूंनी पदरानं नाक पुसलं. “पाहिलंत ते सांगा. आईनं बघितलं नाही तरी चालतं, असं मात्र सांगू नका.”

काका अंगणात गेले. भुंगी पायरीवर फुगून बसली होती. त्यांनी खिशातली शाबूत खोली तिला दाखवली आणि म्हणाले, “चुकलं माझं. ही राहिलीय. हिला आपण बटणांच्या डबीत ठेवू, झाकणाला भोकं पाडून. पण आधी एक काम कर माझं.”

मग त्यांनी तो तळातला फ्रॉक तिच्या डोक्यावरून घातला. भुंगी त्यात दिसेनाशीच झाली. बाह्यांमधून हात बाहेर येईनात, घेर जमिनीवर लोळत होता, आणि ती दोन पावलांवर अडखळली. काकांनी तिला तशीच उचलली आणि यंत्रासमोर आणून उभी केली.

“बघ,” ते काकूंना म्हणाले. “आत्ता बघून घे.”

काकूंना आधी हसू आलं. त्या हसल्या, भुंगीही हसली, आणि हसता हसता काकूंनी तिला त्या ढगळ फ्रॉकासकट छातीशी ओढून घेतलं, दुखऱ्या बाजूचीही पर्वा केली नाही. भुंगी कुरकुरली, “मम्मी, श्वास!” तरी त्यांनी सोडलं नाही. पुष्कळ वेळानं त्यांनी तिला हातभर दूर केलं, सवयीनं दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि खांद्याची शिवण चाचपून पाहिली.

“वळ बघू,” त्या म्हणाल्या.

भुंगी घेर सावरत हळूहळू वळली. काकू बघत राहिल्या. काका तिथेच जमिनीवर बसले, आणि बुधवारपासून पहिल्यांदाच त्यांना उठावंसं वाटलं नाही.