पाच ओळींचं पत्र

१९९६ साली ब्रह्मपुरीत साक्षरता वर्गाची परीक्षा झाली. प्रमाणपत्रासाठी तीन गोष्टी याव्या लागत: उतारा वाचणं, शंभरपर्यंतची बेरीज-वजाबाकी आणि पाच ओळींचं पत्र. हाजरा शिवणकाम करायची, त्यामुळे आकडे तिच्या तोंडीच होते. उताराही तिने बोट ठेवून वाचला. पत्रापाशी मात्र ती थांबली.

आलापल्लीच्या धाकट्या बहिणीला, आयशाला, आजवर हाजराच्या वतीने तिचा नवरा गफ्फारच पत्र लिहायचा. दोन वर्षांपूर्वी आयशाची चिमुकली अरीबा तापाने गेली, तेव्हाही त्याने 'धीर धरा' एवढंच लिहिलं. दुसऱ्याच्या हाताने रडता थोडंच येतं?

हाजराने लिहायला घेतलं. 'आयशा, अरीबासाठी शिवलेला फ्रॉक मी कोणाला दिला नाही.' मग पाच ओळी कधी संपल्या, तिला कळलंच नाही.

वर्ग घेणाऱ्या रीताबाई पेपर घ्यायला आल्या, तर हाजराने तो छातीशी धरला.

"बाई, हे आयशाले पाठवाचं हाय."

"जमा नाई केलं तं पास कसं करू तुमाले?"

"मंग राहू द्या पास."

रीताबाईंनी ते पान तिथेच उभ्याने वाचलं. डोळे पुसून त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"हे मले द्या. तिचं तिले लिहा, मी थांबतो."

हाजरा पुन्हा लिहायला बसली. या खेपेला पत्र दोन पानांचं झालं.

ती पास झाली. पंधरा दिवसांनी आयशाचं उत्तर आलं. गफ्फार सवयीने पाकीट फोडू लागला, तसं तिने ते हळूच काढून घेतलं.

"राहू द्या, मीच वाचीन."