पुस्तकातला नळ

संपत वाटूरच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि समुद्र त्याने फक्त भिंतीवरच्या नकाशात पाहिला होता. भरती-ओहोटी, खाड्या, बंदरं हे सगळं तो असं रंगवून सांगायचा, की पोरांना वाटावं गुरुजींचं आजोळ रत्नागिरीचंच आहे. मनातून मात्र त्याला स्वतःची लाज वाटायची. म्हणून नव्या जालन्यात रद्दीच्या दुकानात मुंबई-पणजी बोटीच्या प्रवासाची मार्गदर्शिका दिसली, तेव्हा त्याने घासाघीससुद्धा केली नाही. पुस्तक उचललं आणि वाटूरची एस.टी. गाठली.

पुस्तक जुनं होतं, पण लिहिणारा गृहस्थ मोठा शिस्तीचा असावा. धक्क्यावर किती आधी पोचावं, वरच्या डेकवर कोणत्या बाजूला सतरंजी टाकली म्हणजे दुपारचं ऊन तोंडावर येत नाही, बोट लागली तर लिंबू चोखावं की आवळा, कॅन्टीनमधला चहा कोणत्या वेळी प्यावा आणि कोणत्या वेळी मुळीच पिऊ नये, सगळं त्याने लिहून ठेवलं होतं. संपतने आठवडाभरात ते पुस्तक जवळजवळ पाठ केलं. संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून तो मोठ्याने वाचायचा आणि मधेच उठून पूर्व कुठली, पश्चिम कुठली ते ठरवून बाज फिरवायचा.

"आत्याबाई, बघा तुमचं लेकरू," त्याची बायको सत्यशीला चुलीपासून ओरडायची. "बाजंवर बसून बोट हाकून राह्यलंय. पणजी आली की मला सांगा, भाकरी टाकते."

आत्याबाई म्हणजे संपतची आई, मालनबाई. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच चालला होता. चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची. एकदा टँकरची वाट बघत रिकाम्या घागरीवर बसली असताना तिने विचारलं होतं, "संपत, लई पाणी म्हंजे किती असतंय रे? नजर संपली तरी पाणी संपत न्हाई, असं कुठं असंल का?" संपतने तेव्हा नकाशातली निळाई आठवून "हाय की" म्हटलं. तेव्हापासून ते पाणी आईला दाखवायचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढच्या दिवाळीच्या सुटीत जायचं त्याने ठरवलं. आता अडलं होतं ते फक्त आईच्या होकारावर.

मालनबाईला अक्षर येत नव्हतं, पण प्रश्न विचारण्यात ती कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याला भारी होती. बोटीवर बायांनी परसाकडं कुठं जायचं? भाकरी करू देतेत का? बोट मधेच थांबली तर ढकलायला खाली उतरावं लागतं का? संपत पानं उलटायचा आणि एकेका प्रश्नाचं उत्तर वाचून दाखवायचा. ढकलण्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं, पण बाकीचं सगळं बरोबर सापडत होतं. मालनबाई खूश होती. "लई हुशार माणूस दिसतोय," असं तिने दोनदा म्हटलं. आणि मग एका संध्याकाळी तिने शेवटचा प्रश्न विचारला.

"अन् पाणी? पेयाचं पाणी तिथं कसं घ्यायचं?"

सत्यशीलाने भाकरी थापायचं थांबवलं. या घरात हा प्रश्न साधा नव्हता. मालनबाईच्या माहेरी विहिरीपासून लांब उभं राहावं लागे. वरच्या जातीची कुणी बाई पाणी शेंदून घेई, तिच्या मनात आलं तर थोडं वरून ओते, आणि यांनी खाली ओंजळ धरायची. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी मालनबाई नवऱ्याला म्हणाली होती, आता पाण्यासाठी कुणापुढं ओंजळ धरणार नाही. वीस वर्षं तिने ते पाळलं. जिथलं पाणी माहीत, तिथंच ती जायची. जाफराबादला लेकीच्या घरी जायची, आणि जालन्याला बहिणीकडे. एरवी कुणाच्या लग्नाला गेली तरी कोरड्या घशाने जेवून परत यायची.

"मी आणून देईन की, माय," संपत म्हणाला.

"तू पँट घालतोस, तुला कुणी विचारत न्हाई. तू आणलेलं पाणी म्हंजे मी लपून पेल्यावानी. मला माझ्या हातानं मोकळं घेता येत असंल तर येते. न्हाईतर तुम्ही दोघं जा, मी बिलकुल रागवणार न्हाई."

संपतने अनुक्रमणिका पाहिली. 'पिण्याच्या पाण्याची सोय' असा मथळा होता. त्याने उत्साहाने पान काढलं, पहिली ओळ मनात वाचली आणि त्याची कानशिलं तापली.

'सोवळेओवळे पाळणाऱ्यांनी पिण्याचे पाणी घरूनच आणावे,' असं त्या शिस्तीच्या गृहस्थाने लिहिलं होतं. 'बोटीवरील नळास वाटेल त्या जातीचे लोक स्वहस्ते हात लावतात आणि त्यांना हटकणारा कोणी नसतो, ही मोठ्या खेदाची गोष्ट होय.'

पुस्तक चुलीत घालावं असं त्याला वाटलं. इतके दिवस ज्या माणसाच्या बोटाला धरून तो बंदरं हिंडत होता, तो माणूस असा निघाला. आणि समोर आई बसली होती. दुसऱ्याच्या शेतात राबून तिने त्याला शिकवलं होतं ते पुस्तकावरच्या भरवशानेच. हे वाक्य तिला वाचून दाखवायचं?

"लिवलंय का काही?"

"लिवलंय," संपत म्हणाला. "'बोटीवर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तो सर्वांसाठी खुला आहे. कोणीही स्वतःच्या हाताने पाणी घ्यावे.'"

"असंच लिवलंय?"

"असंच."

"बोट ठिव बरं त्याच्यावर."

संपतने ओळीवर बोट ठेवलं. मालनबाईने वाकून ती अक्षरं बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "मंग येते." सत्यशीला आनंदाने हसली, आणि संपतला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दिवाळी झाली. वाटूरहून जालना, जालन्याहून लहान रुळांच्या गाडीने मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि स्टेशनवरून टॅक्सीने थेट भाऊचा धक्का. मालनबाईने घरून निघताना कॅनव्हासची मोठी छागल गच्च भरून घेतली होती. "वाटंत लागंल," एवढंच ती म्हणाली. गाडीत ती त्या छागलीतलंच घोट घोट पाणी पीत आली.

धक्क्यावर पुस्तकाने कमाल केली. सगळी माणसं एका दाराशी रेटारेटी करत होती, तेव्हा संपत पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या फळीवरून दोघींना घेऊन वर चढला. डाव्या अंगाला, कठड्याजवळ, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशी जागा धरून त्याने सतरंजी अंथरली. शेजारी प्रभावती नावाची एक नर्स मालवणला माहेरी निघाली होती. ती म्हणाली, "मी दरवर्षी येते, पण ही जागा मला कधी मिळाली नाही. तुम्ही बोटीवर नोकरीला होता काय?" संपतची छाती फुगली. त्याने खिशातून लिंबू काढून तिला दिलं.

बोट सुटली. किनारा मागे सरला आणि मालनबाई कठड्याला धरून उभी राहिली ती राहिलीच. पदर वाऱ्याने उडत होता, तोही तिने आवरला नाही.

"संपत, ह्ये कुणाच्या मालकीचं?"

"कुणाच्याच न्हाई, माय."

"अन् समदं खारट?"

"समदं."

"घ्या! एवढं पाणी अन् डाळ शिजायची न्हाई," असं म्हणून ती इतकी हसली की प्रभावतीही हसायला लागली. हे हसू पाहायलाच आपण आलो, असं संपतला वाटलं. फार बरं वाटलं त्याला.

पण त्याचं एक लक्ष कठड्याला टांगलेल्या छागलीकडे होतं. सकाळी ती अर्धी तरी भरलेली होती. दुपारपर्यंत तिचं पोट खपाटीला गेलं. जिना उतरल्यावर खाली नळ होता, लोक तांबे, बाटल्या घेऊन येत-जात होते. मालनबाई त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा समुद्राकडे तोंड फिरवायची. सत्यशीलाने दोनदा सुचवलं, "आत्याबाई, चला, पाणी घेऊन येऊ." दोन्ही वेळा उत्तर आलं, "हाय की अजून." दुपारच्या भाकरीनंतर तर तिने नुसते ओठ ओले केले. पणजी उजाडेपर्यंत ही अशीच बसणार, हे संपतला कळून चुकलं. त्याचं वाक्य आईला बोटीपर्यंत घेऊन आलं होतं, पण नळापर्यंत काही नेत नव्हतं.

तेवढ्यात प्रभावतीने सतरंजीवरचं पुस्तक उचललं. "बघू तरी मास्तरांचं बाड." आणि ती मोठ्याने वाचायला लागली. "'कुटुंबास बोट लागल्यास गृहस्थाने गांगरू नये, शांतपणे क्षितिजाकडे पाहात राहावे.' वा! बायको ओकतेय आणि हा क्षितिज बघतोय!" आसपासची माणसं हसली. सत्यशीलाला तर ठसका लागला. प्रभावतीला चेव आला, ती पानं उलटत गेली. संपतने हात पुढे केला, पण हिसकावून घ्यायचं तरी कसं?

"'पिण्याच्या पाण्याची सोय,'" प्रभावतीने वाचलं. "'सोवळेओवळे पाळणाऱ्यांनी...'" पुढचं वाक्य ती त्याच ठेक्यात वाचून गेली आणि शेवटी तिचाच आवाज उतरला. "शी! काय माणूस आहे," ती म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं.

"बाई, तेवढं पुन्हा वाच," मालनबाई म्हणाली.

"जाऊ दे हो, आजी."

"वाच म्हणते ना."

प्रभावतीने हळू आवाजात पुन्हा वाचलं. मालनबाईने मुलाकडे पाहिलं. "तू तर दुसरंच वाचलं व्हतंस. बोट ठिवून."

संपतला डेकवर तोंड लपवायला जागा नव्हती. "माय, माझ्यानं ते वाचून दाखवलं गेलं न्हाई," तो म्हणाला. "तू येणार न्हाईस असं वाटलं. खोटं बोललो मी." शाळेतल्या पोरांना खोट्याबद्दल छड्या मारणारा मास्तर आईपुढे मान खाली घालून बसला. आता ही या पुस्तकावर, आणि आपल्यावरही, कधी विश्वास ठेवणार नाही, असं त्याला वाटलं.

मालनबाईचे खांदे हलायला लागले. संपतला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती.

"अरे येड्या! ह्ये आधीच वाचायचं न्हाई का? तू वाचलंस ते माझ्या माहेरच्या हिरीवरल्या पाटीवानी व्हतं. हीर सर्वांसाठी खुली. त्या पाटीला रंग बराबर दर साली देतेत, अन् आमच्या बाया आजूनबी लांबच उभ्या. म्हणून तर मी छागल घेतली. पण ह्यो माणूस बघ. ह्याला वाईट वाटून राह्यलंय! हात लावतेत, कुणी हटकत न्हाई, म्हणून जीव जळून राह्यलाय त्याचा. असा माणूस खोटं कशाला लिवंल?"

प्रभावती आ वासून बघत राहिली. सत्यशीलाने तोंडावर पदर धरला, पण हसू काही आवरलं नाही.

"अन् मीबी कशी," मालनबाई उठता उठता म्हणाली, "त्याच्या सांगण्यापरमानंच घरून पाणी वागवून आणलं. सोवळ्याची!"

रिकामी छागल तिने खांद्याला अडकवली आणि कुणाचा हात न धरता जिना उतरून गेली. संपतला राहवलं नाही. तोही जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

नळापुढे रांग होती. मालनबाई रांगेत उभी राहिली, लांब नाही, सगळ्यांच्या अंगाला अंग लावून. नळ दाबाचा होता, दाबून धरला तरच पाणी यायचं, सोडला की बंद. तिची पाळी आली. तिने एका हाताने नळ दाबला, दुसऱ्या हाताच्या पसात पाणी घेतलं आणि प्याली. पुन्हा घेतलं, पुन्हा प्याली. मग सावकाश छागल भरली. मागचं कुणी काही बोललं नाही. उगाच मागे वळून कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

तिच्यामागे कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे मोठी पितळी कळशी होती, ती दोन्ही हातांनी धरावी तर नळ दाबायला हात उरत नव्हता. दोनदा कळशी निसटता निसटता राहिली.

"आजी, जरा दाबून धरता का?" ते म्हणाले.

मालनबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग नळाकडे. "धरते की. कळशी बराबर धरा," ती म्हणाली आणि तिने नळ दाबला. कळशी काठोकाठ भरेपर्यंत तिने हात काढला नाही. संपतला समोरचं नीट दिसेना. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तरी दिसेना.

तो जागेवर येऊन बसला. बराच वेळ झाला तरी आई येईना. दूरवर रत्नागिरीचा किनारा दिसायला लागला होता. तो तिला दाखवायचा म्हणून त्याने सत्यशीलाला खाली पाठवलं. ती गेली आणि एकटीच परत आली.

"अवं, त्या आत्ताच न्हाई येत," ती म्हणाली. "नळ धरून राह्यल्यात. म्हणल्या, रांगंत आजून चार माणसं हायेत, तेवढ्यांना पाजून येते."