कोरडा उतार
आमच्या ह्यांचे पाय लुळे पडल्यापासून समोरचे शिंपीभाऊजी आणि शेजारचे मास्तर रोज संध्याकाळी चाकांची खुर्ची उचलून यांना पायऱ्यांखाली न्यायचे. “वहिनी, यांना जरा कमी खाऊ घाला,” म्हणत भाऊजी दम टाकायचे, मग गप्पा रंगायच्या.

गल्लीच्या मंडळाने पायऱ्यांवर उतार बांधून दिला. काम चोख, बोट ठेवायला जागा नाही. हे एकटेच खाली जाऊ लागले. दोघे आता लांबूनच हात करतात.

परवा हे म्हणाले, “उतार निसरडा झालाय. भाऊजींना सांग, माझा तोल जातो.”

उतार कोरडाठाक होता. तरी मी निरोप दिला.

भाऊजी लगेच आले, खडबडीत पट्टी चिकटवली आणि बाहेरूनच म्हणाले, “आता बिनधास्त एकटे जा, दादा.”