देवकीचा सातबारा

"पन ते देवकी कोनाच्या नावावर हाये?" खुशालरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बाबा, नावावर नसते ते," आकांक्षा म्हणाली. "याले फॅन फिक्शन म्हनतेत. मालिका आवडली, का त्यातले मानसं घेऊन आपन आपली गोष्ट लिवाची. इंटरनेटवर टाकाची. सारे लिवतेत."

पातूरच्या तहसिलीसमोर खुशालरावांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. वारसांच्या सहीशिवाय विहिरीतला पाव हिस्साही हलत नाही, हे त्यांना पाठ. आणि या पोरीनं मालिकेत मेलेली देवकी नर्स परस्पर जिवंत करून पातूरच्या दवाखान्यात कामाला लावली होती! पोरीची तलाठी म्हणून निवड झालेली. मालिकावाल्यांनी केस ठोकली तर हाती आलेली नोकरी जायची. त्या रात्री त्यांनी आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं आणि न जेवताच झोपले.

सकाळी तहसिलीसमोरच्या टेबलावर त्यांनी पोरीच्या नावानं शपथपत्र करायला घेतलं. 'सदर देवकी हिच्यावर माझा कोणताही हक्क नाही,' एवढं झोकात उतरलं. पुढे मजकुराचा तपशील हवा, म्हणून टेबलावरच मोबाइल उघडून ते गोष्ट वाचू लागले. अकराव्या भागात देवकी एका बेवारस म्हाताऱ्याचं घर शोधायला निघाली होती. पक्षकार ताटकळले, तरी खुशालरावांची मान वर होईना. जी बाई नाहीच, तिच्या काळजीनं आपला जीव का खालीवर होतोय, हे त्यांना उमगेना.

बाराव्या भागाला पान उघडेचना. त्यांनी मोबाइल बंद करून चालू केला, रेंज मिळते का, ते रस्त्यावर जाऊन पाहिलं. शेवटी टेबल आवरून घर गाठलं.

"पुसलं मी सारं," आकांक्षा म्हणाली. "तुमी रातच्यानं जेवले नाई. मले नाई पाह्यवलं."

"मंग त्या बुढ्याचं घर सापडलं का?"

ती चमकून त्यांच्याकडे वळली. "तुमी वाचलं?"

"शपथपत्रासाठी."

"शेवट लिवाचाच होता, बाबा. आता नाई लिवत."

पुन्हा लिही, असं त्यांना म्हणायचं होतं. पण कालच्या एवढ्या आरडाओरडीनंतर ते कोणत्या तोंडानं म्हणणार? त्यांना फार वाईट वाटलं.

तिनं ताट वाढलं. खुशालराव जेवले, आणि तिला बरं वाटावं म्हणून आणखी एक भाकर मागून घेतली.