एकेचाळीस शिक्के

पुसेगावच्या वाचनालयात सुकन्या ग्रंथपाल म्हणून लागली, तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली तिला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणी गोरा प्रवासी अमेरिकेच्या पश्चिमेकडची माळरानं घोड्यावरून हिंडला, त्याचं ते प्रवासवर्णन. आत एकेचाळीस रंगीत चित्रं. वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे, पण चित्रांना गिऱ्हाईक होतं. मेंढपाळ सोनाजी तर बाजारच्या दिवशी येऊन बायसनचा, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचा, कळप निरखत बसायचा. एवढ्या जनावरांमागे राखणदार दिसत नाही, म्हणजे चित्र काढणाऱ्यानं जन्मात काठी धरलेली नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

अध्यक्ष संतरामांनी पुस्तकाचे फोटो पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या शौकिनाला पाठवले. तो हरखला. बदल्यात काचेचं कपाट द्यायला तयार झाला, वर संतरामांच्या वडिलांचं नाव घालून. अट एकच, चित्रांवर डाग नको की खूण नको. म्हणजे कपाट येणार आणि त्यात ठेवण्यासारखं एकमेव पुस्तक जाणार. सुकन्येला ते काही पटेना.

"सगळं नियमानं झालं पाहिजे," संतरामांनी बजावलं. "मागून कुणी बोट दाखवाय नको."

"व्हय साहेब," ती म्हणाली.

नोंद नसलेलं पुस्तक बाहेर देता येत नव्हतं, आणि नोंदलेल्या पुस्तकावर शिक्का मारावाच लागायचा. किती मारायचे, यावर नियम गप्प होता. सुकन्येनं दार ओढून घेतलं आणि शिक्क्याच्या गादीवर जांभळी शाई ओतली. पहिल्या चित्राला तिनं शिक्का कोपऱ्यात, जपून मारला. दहाव्याला हात बसला. विसाव्यानंतर ती गुणगुणायला लागली. एका आदिवासी सरदाराच्या थेट नाकावर शिक्का पडला, तेव्हा मात्र तिनं त्याला हात जोडले.

शौकीन आला. पांढरे हातमोजे चढवून त्यानं पानं उलटायला घेतली. सातव्या चित्राशी त्यानं मोजे काढून ठेवले आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. संतरामांनी सुकन्येकडे पाहिलं.

"नियमानं केलं साहेब. तुमीच सांगितलं व्हतं."

कोपऱ्यात बसलेल्या सोनाजीनं पुस्तक जवळ ओढून कळपाचं चित्र उघडलं. "बराबर केलं, पोरी. आमीबी मेंढरावर खूण करतोच की. आता कुणी हाकून न्हेणार न्हाई."

शौकिनाचा राग कुठल्या कुठे गेला, त्याला हसू आवरेना. चहा पिऊन तो रिकाम्या हातानं परतला.

संतराम आठ दिवस वाचनालयाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्यांदाच सगळी चित्रं बघत बसले. जाताना शाईची बाटली मात्र खिशात घालून गेले.