पाठमोरी

जावयाच्या चित्रांचं प्रदर्शन नगरला भरलं म्हणून गोजरबाई सकाळच्या एसटीनं राहात्याहून आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. हॉलमध्ये शिरतात तो समोर काय, तर उघडी बाई. न्हाणीत पाटावर बसलेली, पाठमोरी. गोजरबाईंनी पदर पुढं ओढला, जसं काही आपणच उघड्या पडलोय.

बघणाऱ्यांना लाजबीज नव्हती. पुण्याहून आलेले एक सर समजावत होते, की जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसतील, चार पावलं मागं सरा म्हणजे पाठ दिसेल. हर्षलनं सावलीला काळा लावलाच नाही, जांभळा लावलाय, हिरवा लावलाय, उजेड कसा अंगावर खेळतोय बघा. गोजरबाई सांगितल्यासारख्या मागं सरल्या. खरंच की. कंबरेची वळी, मानेवरचा अंबाडा, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. लहानपणी पोरीला किती सांगितलं होतं, खांदा उचलून चाल म्हणून.

म्हणजे रेश्माच.

त्या पुन्हा जवळ गेल्या. तीस वर्षं त्यांनी राहात्याच्या बाजारात पेरू निवडले होते. फळाला लागलेला मार कितव्या दिवसाचा, ते नजरेनं सांगायच्या. बाईच्या अंगावरचा तर त्याच्याही आधीपासून कळायचा, मालक जिवंत होते तेव्हापासून. चित्रात खिडकी डावीकडं होती. उन्हाचे पिवळे ठिपके सगळे डाव्या अंगावर. मग उजव्या दंडामागं, ऊन पोचतच नव्हतं तिथं, हे चार पट्टे कसले? मधे जांभळे, कडेनं हिरवट-पिवळे. पाचेक दिवसांचे.

रेश्मा चहाच्या टेबलापाशी उभी होती, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून. गोजरबाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं.

"पिशवी भर. संध्याकाळच्या गाडीनं माझ्यासंगं चल."

"तो उजेड आहे, आई," रेश्मा म्हणाली. आईनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"मला शिकवती व्हय, रेश्मे?"

रेश्मा उगाच कप सारखे करत राहिली. मग सांगितलं, की पुण्याच्या सरांना आणखी दोन चित्रं हवीत. ह्याच रंगांतली. हर्षलनं होकार दिलाय.

गोजरबाई वळल्या. गर्दीतून वाट काढत चित्रापाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत आपला पंजा त्या चार पट्ट्यांवर ठेवला. चार बोटं चारांवर बरोबर बसली. पट्टेच जरा उरले. पुरुषाचा हात मोठा.

"आमच्या सासूबाई," हर्षल हसत पुढं आला. "चित्रसुद्धा पेरूसारखं दाबून बघतात."

सगळे हसले. चित्रकाराला याहून मोठी पावती कुठली, असं सर म्हणाले. हर्षलनं मनगट धरून सासूचा हात अलगद बाजूला केला. गोजरबाईंनी लेकीकडं पाहिलं. रेश्माही हसत होती. सगळ्यांत उशिरा हसायला लागली होती, आणि बाकीचे थांबले तरी थांबत नव्हती.