लाझारोची सातवी पंगत

जोवेलिनाने अंगणात पांढरी चादर अंथरली आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग पत्र्याच्या सात ताटल्या ओळीत मांडल्या. सातवी जरा तिरकी बसली होती. ती सरळ केली, आणि मग उगाचच पुन्हा एकदा सरळ केली.

भात झाला होता. कोंबडीचा रस्सा, साबुकंदाचं भाजलेलं पीठ, सगळं तयार होतं. नव्हती ती कुत्री.

संत लाझारोला केलेला नवस साधा होता. माझ्या नवऱ्याच्या, आनिझिओच्या पायाची जखम भरू दे. सात वर्षं तुझ्या दिवशी सात कुत्र्यांना पंगत घालीन. संत लाझारोच्या जखमा कुत्र्यांनी चाटल्या, म्हणून त्याच्या दिवशी कुत्री आधी जेवतात आणि माणसं मागून. पाय भरला. सहा पंगती झाल्या. आज शेवटची. ही चुकली तर संताने दिलेलं संत परत नेईल, याबद्दल जोवेलिनाच्या मनात कधी शंका नव्हती.

"मोजून सात हं," पडवीतून एउफ्राझिया म्हणाली. गावातली सगळी स्तोत्रं तिच्याच गळ्यातून निघत. "गेल्या साली काय रंगली होती गं! तो कुत्रा रडला आणि माझा सूर असा लागला, की पाद्रीबुवांना आयुष्यात लागला नसेल."

"हो मावशी," जोवेलिना म्हणाली आणि चादरीवरची मुंगी झटकू लागली.

गेल्या साली सातवा कुत्रा मिळत नव्हता, तेव्हा तिनेच तेओदोमिरोला त्याचा कुत्रा आणायची गळ घातली होती. त्याच्या मुलाची ती धर्ममाता. त्या नात्याने तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोंपाद्रे. 'फोगो जरा मलूल आहे, राहू दे,' तो म्हणाला होता. तिने ऐकलं नाही. स्तोत्र भरात आलं आणि फोगोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. संताने मुक्या जिवाला रडवलं! बायकांनी गुडघे टेकले. जोवेलिनाने रुमालाने ते पाणी टिपलं, आणि तीर्थ द्यावं तसं उरलेल्या सहाही कुत्र्यांच्या कपाळाला, नाकाला लावलं. पंगतीतलं उष्टं रीतीप्रमाणे रानाच्या कडेला ठेवून आली. तो कोल्ह्यांचा वाटा.

दोन आठवड्यांनी फोगो गेला. मग एकेक करत बाकीची. पाय झटकत, हवेतच काहीतरी चावत असल्यासारखी. एका भरदुपारी कोल्हा विहिरीपाशी आला, माणसांना न भिता गोल गोल फिरत राहिला आणि तिथेच पडला. शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी काटेरी रानातून अकरा मेलेले कोल्हे मोजले. डिस्टेंपर, कुत्र्या-कोल्ह्यांचा साथीचा रोग, त्या म्हणाल्या. नाकाडोळ्यांच्या पाण्यातून पसरतो, एका ताटात तोंड घातलं तरी पुरतं. कुत्री कुठे एकत्र आली होती का, असं त्यांनी विचारलं तेव्हा जोवेलिनाने सगळं सांगितलं. रुमालाचंही. बाईंचा लिहिता हात थांबला.

"तुम्हाला कसं कळणार होतं, ताई," त्या म्हणाल्या.

रुमाल तिने चुलीत घातला. रडू मात्र आलं नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही नाही.

"कोमाद्रे!"

फाटकाशी तेओदोमिरो उभा होता, कडेवर टोपली आणि पायाशी कुत्री. वर्षभरात तो या घराकडे फिरकला नव्हता.

"पाच पिल्लं आणि त्यांची आई. सहा झाली. सातवा नदीपलीकडून येतोय, बहिणीचा म्हातारा कुत्रा. दात एक नाही, पण रस्सा तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा ओरपेल."

जोवेलिनाने कडीवर हात ठेवला. टोपलीच्या फटीतून एक ओलं नाक बाहेर आलं आणि तिचा हात हुंगायला धडपडू लागलं. तिने हात मागे घेतला.

"यांना सुया टोचून झाल्या?"

"एकदा. अजून दोनदा आहे."

"नदीपलीकडे अजून मरताहेत ना?"

तेओदोमिरोने पिल्लाचं नाक टोपलीत मागे ढकललं.

"परत ने, कोंपाद्रे. त्या म्हाताऱ्यालाही अर्ध्या वाटेतून फिरव."

"अगं, एका दिवसाचा प्रश्न! नवसाचं काय?"

"नवस माझा आहे."

"आणि आनिझिओच्या पायाचं?"

ती कडी लावून वळली. एउफ्राझिया कपाळावर क्रूस काढत होती.

शेजारीपाजारी जमले आणि स्तोत्र सुरू झालं. जोवेलिना ध्रुपद म्हणत होती. ओठ हलत होते, एवढंच. शेवटचा 'आमेन' संपला. या क्षणी कुत्र्यांना चादरीवर सोडायचं असतं. कुणी हललं नाही. ताटल्यांतल्या भातावर माश्या बसू लागल्या.

मग आनिझिओने चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पहिल्या ताटलीपुढे मांडी घालून बसला. पोटरीवरचा गुळगुळीत, फिकट व्रण सगळ्यांना दिसत होता.

"निवतंय," तो म्हणाला, आणि जेवू लागला.

"ही कुत्र्यांची जागा आहे रे," एउफ्राझिया पुटपुटली.

"मग भुंकून दाखवू का, मावशी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची बाई बसली, मग तिचा नवरा, मग आणखी दोघं. एउफ्राझिया बराच वेळ उभी राहिली; शेवटी गुडघ्यांना शिव्या देत सहावीपुढे टेकली. सातवी तशीच राहिली.

फाटक वाजलं. तेओदोमिरो रिकाम्या हातांनी आला होता. हात कोपरापर्यंत धुतलेले, पाय ओले, अंगात दुसरा सदरा. कुत्र्यांना हाताळल्यावर करायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. तो कुणाकडे न बघता सातव्या ताटलीपुढे बसला. गेल्या साली इथेच फोगो बसला होता.

पहिला घास घेता घेता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही. सगळे आपापल्या ताटलीत बघत होते.

जोवेलिनाचा हात कमरेला खोचलेल्या फडक्याकडे गेला, आणि अर्ध्यात थांबला. तिने पळी उचलली आणि त्याच्या ताटलीत आणखी भात वाढला.